शस्त्रखरेदीचा जाब कोणी द्यावा?

वसईच्या भूमीने राष्ट्ररक्षणाचे दोन धडे शिकविले आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी येथील किल्ला पोर्तुगीजांपासून जिंकला. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करून तिच्या खर्चापायी सव्वीस लक्षांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. फौज आली, पण तिची दोरी परक्यांच्या हाती राहिली; १८१८ साली राज्यच गेले. तेव्हा संरक्षण कितीला पडले, एवढेच पाहून भागत नाही. ते कोणाच्या विचाराने घेतले, हेही पाहावे लागते.

इतर राष्ट्रांची रीत पाहू. फ्रान्सने १९६१ साली शस्त्रांची आखणी, पारख व खरेदी ही कामे एकाच खात्याकडे सोपविली आणि ते जाणत्या अभियंत्यांच्या हाती दिले. अमेरिकेत सेनेच्या शाखा आपापली खरेदी करितात. तेथेही खर्च फुगतो व विलंब होतो. परंतु लोकसभागृहाचा हिशेबतपासनीस दरवर्षी मोठमोठ्या योजनांचा खर्च व विलंब छापून जगापुढे मांडितो.

आमच्याकडे २००१ साली संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली खरेदी परिषद स्थापन झाली. २०२० साली नवी कार्यपद्धतीही आली. तथापि मागणी एकाची, पारख दुसऱ्याची, पैशाची मंजुरी तिसऱ्याची, हा क्रम सुटलेला नाही. माझगाव गोदीत बांधावयाच्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ साली झाला. पहिली २०१२ साली मिळावयाची, ती डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. सहावीस जानेवारी २०२५ उजाडला. या विलंबाचा जाब नेमका कोणी द्यावा?

अधिकार एकवटला तर लाचलुचपत वाढेल, असा आक्षेप कोणी घेतील. बोफोर्स प्रकरणाची आठवण असलेल्यांना ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दहा सह्यांनी चोरी थांबतेच असे नाही. जबाबदारी मात्र दहा ठिकाणी वाटली जाऊन नाहीशी होते. खरा उपाय उघडेपणाचा आहे. प्रत्येक मोठ्या खरेदीस एक जाणता अधिकारी नेमावा, काम तडीस जाईपर्यंत त्याची बदली करू नये, आणि खर्च व मुदत यांचा तक्ता प्रतिवर्षी संसदेपुढे ठेवावा.

आमच्या व्यापारी वाचकांचाही यात संबंध आहे. वसई पूर्वेच्या छोट्या कारखानदारास पक्की मागणी व वेळेवर पैसा हवा. लहान उद्योगांचे देणे पंचेचाळीस दिवसांत द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. सरकारी खरेदीदाराने तो प्रथम पाळावा. जो दुकानदार आपली खातेवही रोज तपासतो, त्याने राष्ट्राच्या वहीविषयी उदासीन का राहावे?