सगळे रास्पुतीनच्या माथी?

संपादक महोदय,


मुरलीपुऱ्यात आपला अंक टपालाने येतो, म्हणून पत्राला उशीर. रविवारच्या पुरवणीतला शेवटच्या झारवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. फाबर्जेची रत्नजडित अंडी, आजारी युवराज आणि सर्वनाशाचे मूळ रास्पुतीन. भोंदूने राजाला नादी लावले, राज्य बुडाले, खेळ खलास!

लेखकमहाशयांनी निदान तारखा तरी पाहायच्या. झार निकोलस आणि रास्पुतीन यांची पहिली भेट १ नोव्हेंबर १९०५ ची. झारच्या रोजनिशीतच तशी नोंद आहे. त्याआधीचे दहा महिने बघा (तारखा तिकडच्या जुन्या दिनदर्शिकेच्या). ९ जानेवारीला पीटर्सबर्गचे कामगार गापोन पाद्र्याच्या मागे, झारच्याच तसबिरी हातात घेऊन, अर्ज द्यायला निघाले. मागणे काय, तर कामाचा दिवस आठ तासांचा करा, मजुरी वाढवा, आमचे प्रतिनिधी आम्हाला निवडू द्या. उत्तर बंदुकीने मिळाले. मे महिन्यात त्सुशिमाला जपानने आरमार बुडवले, जूनमध्ये पोटेम्किन जहाजावरचे खलाशी उलटले, ऑक्टोबरात रेल्वेसकट सगळा कारभार ठप्प झाला आणि १७ तारखेला झारला दूमा, म्हणजे निवडलेले विधिमंडळ, कबूल करावी लागली. यातल्या कशात रास्पुतीन होता?

शेतकऱ्यांबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. १८६१ मध्ये भूदास मुक्त झाले हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण बापजाद्यांनी कसलेल्या जमिनीची किंमत या मुक्त माणसांनी ४९ वर्षे हप्त्याहप्त्याने फेडायची होती! आजोबाच्या सुटकेचे कर्ज नातवाच्या गळ्यात. ते माफ करायची बुद्धी सरकारला झाली तीही १९०५ मध्ये गावोगाव जमीनदारांचे वाडे पेटल्यावर. हप्ते काय रास्पुतीनने बसवले होते?

असला लेख एका मराठी वर्तमानपत्रात छापून यावा, याचा जास्त राग येतो. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर, दडपशाहीतूनच बॉम्ब निपजतो हे सांगताना 'केसरी'ने रशियाकडे बोट दाखवले होते. त्या लेखांपायी न्या. दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. वर्षाला एक दिवस, असा हिशेब. त्या संपाची दखल लेनिनने त्याच वर्षी आपल्या लेखात घेतली. गिरणगावाला तेव्हा जे कळत होते, ते आपल्या पुरवणीला आज कळू नये?

इकडे राजस्थानातही तीच तऱ्हा. पुण्याहून आलेले पाहुणे जयपूरच्या सिटी पॅलेसमधले चांदीचे दोन अजस्र हंडे पाहून हरखतात. १९०२ मध्ये माधोसिंह महाराज विलायतेला गेले तेव्हा त्यांतून गंगाजल नेले होते, हे गाइड पुन्हापुन्हा ऐकवतो. तिकडे मेवाडात पुढच्याच वर्षी बिजोलियाच्या जहागीरदाराने मुलीच्या लग्नावर चंवरी नावाचा कर बसवला आणि शेतकऱ्यांनी दोन वर्षे मुलींची लग्नेच केली नाहीत, हे कोण सांगतो? पुढचे अर्धे पान बिजोलियाला द्या. अंडी पुष्कळ झाली.

आपला,
एक जुना वर्गणीदार
मुरलीपुरा, जयपूर