जंगलातला रस्ता गाडीच्या भरवशावर सोडू नका

चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या गाडीवाल्यांना, गाडी विकणाऱ्यांना आणि रस्त्याकाठच्या गावांना कळकळीचे आवाहन



भाऊबीज झाली. बांध्यांतला धान कापणीला आला आहे आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा गावोगावी लागल्या आहेत. आता होळीपर्यंत झाडीपट्टीतली रात्र जागीच असणार. नाटकाचा पडदा पडतो तेव्हा उजाडायला आलेले असते. पहाटेच्या धुक्यात माणसे घराकडे निघतात, कोणी पायी, कोणी एका दुचाकीवर तिघे, कोणी बंडीत पोराबाळांसह. रात्रभर धानात शिरलेली रानडुकरे आणि रोही त्याच वेळी रस्ता ओलांडून जंगलात परततात. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून धानोरा तालुक्यात उतरलेल्या रानहत्तींनी या वर्दळीत आणखी भर घातली.

याच दिवाळीत अनेकांच्या दारात नवी गाडी आली असेल. पुढे कोणी आडवे आले तर स्वतः ब्रेक मारणारी, पट्टा सोडला की स्टिअरिंग खेचणारी, पुढच्या गाडीमागे आपसूक अंतर राखून चालणारी. शोरूममध्ये या सगळ्याला ‘अडास’ म्हणतात. पेढे वाटा, गाडी सुखाने वापरा. एवढेच ऐका: दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत, जंगलातल्या रस्त्यावर, ही सोय आपल्या गाडीत नाहीच असे समजून गाडी चालवा.

मी हे अंगावर बेतले म्हणून सांगतो आहे. मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या नव्या गाडीतून गडचिरोलीहून चांद्याला येत होतो. व्याहाड, सावली, मूल मागे पडले. भाच्याने वेग ८० वर बांधून पाय मोकळा सोडला होता. पुढे एसटी आली की गाडी आपणहून हळू होई, एसटी वळली की पुन्हा वेग घेई. “बघा मामा, मला काही करावंच लागत नाही,” तो म्हणाला. मलाही कौतुक वाटले. केसलाघाटाच्या अलीकडे डावीकडच्या झुडपातून एक रोही निघाला. समोरच्या पडद्यावर रस्ता रिकामा दिसत होता. घंटी वाजली नाही, ब्रेक लागला नाही. मी ओरडलो, भाच्याने पाय दाबला आणि रोही बंपरपासून हातभर अंतरावरून निघून गेला. आम्ही पाणी प्यायलो, पुन्हा निघालो. थोडे पुढे गेल्यावर एका वळणावर, समोर पुलाच्या कठड्याशिवाय काहीही नसताना, गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. मागून येणारा हायवा हॉर्न ठोकत उजवीकडून कसाबसा निघाला. रोही आला तेव्हा जो ब्रेक लागायला हवा होता, तो कठडा पाहून लागला.

गाडी शोरूमला दाखवली. तपासून सांगितले, “सिस्टिम ओके आहे, एरर नाही.” ते खोटे बोलत नव्हते. गाडीसोबत आलेले जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी उघडले, तर प्राणी ओळखला जाईलच असे नाही, हे त्यात बारीक अक्षरात छापलेले होते. गाडी विकताना मात्र हे कोणी वाचून दाखवले नव्हते.

गाडीला दिसते तरी काय?

काचेमागे, आरशाजवळ एक कॅमेरा असतो आणि बऱ्याच गाड्यांत बंपरमागे किंवा जाळीमागे एक रडार. पुढची धातूची वस्तू किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे, हे रडारला चांगले कळते. पण रस्त्याकडेचे खांब, कठडे, पाट्यासुद्धा धातूच्याच. प्रत्येकाला घाबरून ब्रेक मारला तर गाडी चालायचीच नाही, म्हणून जागच्या जागी उभ्या असलेल्या बऱ्याच वस्तूंकडे ही व्यवस्था काणाडोळा करते. कधी कठड्याला भिते, तर कधी दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रककडे दुर्लक्ष करते, ते यामुळेच. समोरची वस्तू काय आहे हे ओळखणे कॅमेऱ्याचे काम. त्याला जे लाखो वेळा दाखवले तेच तो ओळखतो: गाडीची मागची बाजू, चालणारा माणूस, सायकलवाला. काळोखात रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गाय, धानाच्या पेंढ्यांनी लादलेली बिनदिव्याची बंडी, डोक्यावर मोळी घेतलेली बाई यांचे धडे त्याला किती मिळाले असतील?

हे दुखणे आपल्याच नशिबी आले असेही नाही. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने मूस हरणांसाठी प्राणी ओळखणारी यंत्रणा बनवली. मूस म्हणजे आपल्या सांबराचा धिप्पाड चुलतभाऊ. तीच यंत्रणा ऑस्ट्रेलियात नेली तर कांगारूंपुढे गोंधळली आणि २०१७ मध्ये कंपनीच्या माणसांनी ते उघड सांगितले. प्राण्याचे अंतर ती जमिनीच्या आधाराने मोजत होती. कांगारूने उडी मारली की तो लांब गेला असे तिला वाटे, खाली टेकला की जवळ आला असे. आता झाडावरून एका झेपेत रस्त्यावर येणारा बिबट डोळ्यांपुढे आणा.

माणसांच्या बाबतीतही रात्रीचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये अभ्यास करून सांगितले की पादचारी ओळखून ब्रेक मारणाऱ्या गाड्यांमुळे पादचाऱ्यांना धडकण्याची जोखीम २७ टक्क्यांनी कमी झाली. हा फायदा खरा आहे, तो नाकारू नये. पण रस्त्यावर दिवे नसलेल्या काळोखात या गाड्या आणि साध्या गाड्या यांत त्यांना फरक आढळला नाही. दिव्यांचा खांब नसलेला काळोख म्हणजे आपला आलापल्ली–सिरोंचा, धानोरा–मुरूमगाव, चंद्रपूर–मोहर्ली.

गाडीवरचे तारे पाहूनही फसू नका. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे सुरू झालेल्या भारत एनकॅपचे तारे मुख्यतः धडक बसल्यावर आतल्या माणसांचे रक्षण किती होते ते सांगतात. गाडीला रात्री रानगवा दिसेल का, याची परीक्षा त्यात झालेली नसते.

तुमच्या हातात काय आहे?

आधी एक साधे गणित. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात गाडी ३३ मीटर गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३६ मीटर लागतात. एकूण ७० मीटर. डिपरवरचा उजेड साधारण ५० मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे जे दिसेल त्याच्या अलीकडे तुम्ही थांबूच शकत नाही. ताशी ४० ला हेच अंतर २६ मीटर होते. जंगलात ४० चा वेग पाळा म्हणतात, त्यामागे हे गणित आहे.

म्हणून विनंती करतो:

१. जंगलात शिरताना आपसूक वेग राखणारी सोय बंद करा. पाय ब्रेकजवळ आणि हात स्टिअरिंगवर राहू द्या.

२. पांढरे पट्टे पुसलेल्या रस्त्यावर पट्टा राखणारी सोयही बंद ठेवा. बंडीला किंवा खड्ड्याला वळसा घालताना ती गाडी पुन्हा आत खेचू शकते. चालू ठेवलीच, तर वळसा घेताना इंडिकेटर द्या.

३. आपत्कालीन ब्रेक मात्र बंद करू नका. दहा वेळा चुकला तरी अकराव्या वेळी कोणाचा जीव वाचवील. इशाऱ्याची वेळ ‘लवकर’ वर ठेवा. मागे कोणी चिकटून येत असेल तर बाजूला होऊन त्याला जाऊ द्या, म्हणजे गाडीने अवचित ब्रेक मारला तरी मागचा अंगावर येणार नाही.

४. आरशाजवळच्या काचेवर देवाचे स्टिकर, फिल्म किंवा झालर लावू नका. घुग्घुसची कोळशाची धूळ आणि सुरजागडच्या खनिजाची लाल धूळ दोन्ही कॅमेऱ्याला आंधळे करतात, तेव्हा निघण्यापूर्वी काच आणि बंपर पुसा. बुलगार्ड काढून टाका. २०१७ मध्येच केंद्र सरकारने त्याला मनाई केली आहे, शिवाय तो रडारच्या आड येतो.

५. काच बदलली किंवा बंपर ठोकला गेला तर कॅमेरा-रडारचे कॅलिब्रेशन करून घ्या आणि त्याचा कागद मागून घ्या.

६. एक प्राणी दिसला की थांबा. रोही, चितळ, डुक्कर, हत्ती बहुधा एकटे नसतात, मागून दुसरा येऊ शकतो. हत्ती दिसले तर हॉर्न नको, प्रखर दिवे नकोत, लांबूनच मागे फिरा.

७. स्टिअरिंग सोडून रील काढणाऱ्यांच्या नादी लागू नका. गाडी कितीही शहाणी असली तरी कायद्यापुढे चालक तुम्हीच आहात.

विक्रेत्यांना, सरकारला आणि गावकऱ्यांना

शोरूमवाल्यांनो, चावी देताना मोठ्या फुग्यांसोबत एक मराठी कागद द्या: ही गाडी काय ओळखते, काय ओळखत नाही, कोणत्या वेगापर्यंत ब्रेक मारते. टेस्ट ड्राइव्ह नागपूर रोडवर दुपारी देता, ती एकदा मूल रोडवर सायंकाळी द्या. ग्राहकांनो, असा कागद मागा. दिशाभूल झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

गाड्या घडवणाऱ्या कंपन्यांनो, आमच्या रस्त्यांवर या. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांची सुमारे १० हजार छायाचित्रे ३४ प्रकारांत लावून संशोधकांना खुली केली. ती हैदराबाद, बंगळूर आणि आसपासच्या रस्त्यांवरची आहेत. तशीच झाडीपट्टीच्या रात्रीचीही हवीत.

शासनाला मागणे आहे की २०२१ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या ‘आय-रास्ते’ प्रकल्पात शहर बसगाड्यांना धोक्याचा इशारा देणारे कॅमेरे बसवले, तसे आमच्या एसटीला बसवा. ते कॅमेरे चालकाला सावध करतात आणि धोक्याची ठिकाणेही नोंदवतात. पेंचमध्ये नागपूर–शिवनी महामार्गाखालून प्राण्यांना जायला नऊ ठिकाणी वाट ठेवली आहे आणि वाघसुद्धा ती वापरतात. डिसेंबर २०१७ मध्ये बोरचा बाजीराव वाघ महामार्गावर गाडीखाली गेला, तेव्हा विदर्भ केवढा हळहळला! ताडोबाच्या भोवतालच्या रस्त्यांनाही अशा वाटा द्या. तोवर पांढरे पट्टे आणि कॅट-आय तरी दरवर्षी नवे करा.

गावकऱ्यांनो, बंडीच्या मागे, ट्रॅक्टर-ट्रॉलीला, सायकलला आणि गुरांच्या शिंगांना रेडियम पट्टी लावा. नाटकाला जाताना एक टॉर्च घ्या. रस्त्यावर धान वाळत घालू नका. नाटक मंडळांनो, पहिल्या अंकाआधी दोन मिनिटे माइकवरून हे सांगा. तुमचे प्रेक्षक सुखरूप घरी पोचले तरच पुढच्या वर्षी येतील.

अपघात झालाच तर १०८ किंवा ११२ लावा. जखमीला उचलायला घाबरू नका, मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविना उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. वन्यप्राणी जखमी झाला तर वनविभागाच्या १९२६ वर कळवा.

आपल्याकडे म्हण आहे, भरवशाच्या म्हशीला टोणगा. भाच्याने गाडी विकली नाही, तिची सोयही काढून टाकली नाही. मूलच्या पुढे जंगल लागले की तो आता ४० वर येतो, आणि मी शेजारी बसून डावीकडचे झुडूप बघत राहतो. आज रात्री निघणार असाल तर एवढे तुम्हीही करा.

मूल रस्त्यावरचा एक नेहमीचा प्रवासी