छाप कशाची पडायला हवी?



दुकानांची हिशेबाची सॉफ्टवेअर, कारखान्यांच्या संगणकप्रणाली विकणाऱ्या कंपन्यांत विक्रीच्या जागांसाठी आता आपल्या मुलीही अर्ज करत आहेत. पदवी असते, धडाडी असते. पण मुलाखतीची तयारी म्हणून त्यांना सांगितले जाते ते काय? कपडे कोणते घालावेत, किती हसावे, इंग्रजी कसे बोलावे. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची ही दुसरी आवृत्तीच म्हणायची! छाप पडायला हवी ती कामाची, आणि ती पाडता येते.

मुलाखतीचा सराव घेताना मी मुलींना प्रथम विचारते, "हे सॉफ्टवेअर घेतल्याने गिऱ्हाइकाचा कोणता त्रास वाचेल?" बहुतेकजणी त्याची वैशिष्ट्ये घडाघडा म्हणतात. विक्रीचे मर्म तिथे नाही. औषध दुकानदाराचे नुकसान मुदत संपलेल्या मालामुळे होते की थकलेल्या उधारीमुळे, हे आधी विचारायचे, नीट ऐकायचे, मग बोलायचे. "हे पेन मला विकून दाखवा," असे म्हणणाऱ्यालाही पेनची स्तुती ऐकवण्याआधी "तुम्हाला दिवसभर काय लिहावे लागते?" असे विचारणारी उजवी ठरते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. "मी मेहनती आहे" हे सगळेच सांगतात. बचत गटाचा दिवाळी फराळ घेऊन किती घरे फिरलात, किती मागण्या मिळवल्या, नाही म्हणणाऱ्या किती घरी पुन्हा गेलात, हे सांगा. बायका वर्षानुवर्षे विक्री करत आल्या आहेत. अर्जात मात्र ती 'अनुभव' म्हणून लिहीत नाहीत.

तिसरी गोष्ट पैशांची. या नोकरीत पगाराचा एक भाग ठरलेला असतो, दुसरा टार्गेट गाठण्यावर अवलंबून. म्हणून आपणही विचारावे: टार्गेट कोण ठरवते? गेल्या वर्षी किती जणांनी गाठले? प्रसूतिरजेच्या काळात ते कमी होते का? मला कोणती गिऱ्हाइके मिळणार? मुलींना फोनवर बसवायचे आणि मोठी गिऱ्हाइके मुलग्यांकडे द्यायची, असे अनुभव मुली सांगतात. मग समान पगाराची गोष्ट कागदावरच राहते.

आणि तो ठरलेला प्रश्न, "लग्न कधी करणार? फिरती घरचे करू देतील?" १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्जच करू नयेत असे छापले होते. सुधा मूर्ती (तेव्हाच्या सुधा कुलकर्णी) यांनी जे. आर. डी. टाटांना पत्र लिहून जाब विचारला आणि ती नोकरी मिळवली. पुढे १९९१ मध्ये नीरा माथुर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाला भरतीच्या वेळच्या घोषणापत्रातले मासिक पाळी व गरोदरपणाचे रकाने काढून टाकण्यास सुचवले. भरतीतल्या भेदभावाला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेतही ती आहे. पण गरजू मुलीने मुलाखतीतच कायद्याचे पुस्तक कसे उघडावे? तिने शांतपणे विचारावे, "महिन्यात किती दिवस फिरती असते? तेवढी करायची माझी तयारी आहे." बाहेर आल्यावर मात्र तो प्रश्न तारखेनिशी लिहून ठेवावा आणि संघटनेपर्यंत पोचवावा.

कंपन्यांनाही आमचे सांगणे आहे. फिरतीची चिंता खरी असेल, तर मुलीच्या सासरची चौकशी करण्यापेक्षा राहण्याची व प्रवासाची सुरक्षित सोय करा. कामानिमित्त जावे लागते ती प्रत्येक जागा, म्हणजे गिऱ्हाइकाचे कार्यालयसुद्धा, २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने कामाची जागाच आहे. तिथली जबाबदारी मालकाची आहे, मुलीच्या घरच्यांची नाही.

मुलींना बोलायला शिकवणे सोपे आहे. मुलाखत घेणाऱ्यांना ऐकायला शिकवणे हे आपले पुढचे काम. तुम्हाला विचारले गेलेले असे प्रश्न आम्हाला जरूर लिहून पाठवा.