नियम टेबलातच हवा

डेटाबेस ही नुसती कोठी, शहाणपण सगळे कोडमध्ये, हे मत आज अनेक टीममध्ये सर्वमान्य झाले आहे. ते मांडणारे जाणकार आहेत, म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी नीट मांडू. नियम दोन ठिकाणी विखुरले की सापडत नाहीत. कोडला टेस्ट लिहिता येतात, त्याचा इतिहास गिटमध्ये राहतो. उद्या मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेसवर जायचे झाले तर डेटाबेसमध्ये गुंतलेले नियम पायात येतात. शिवाय प्रत्येक युनिक इंडेक्स आणि फॉरिन की लिहिण्याचा वेग थोडा खातेच. तेव्हा टेबल साधे ठेवावे. नोंद आधीपासून आहे का हे कोडनेच पाहावे, असेल तर अपडेट करावी, नसेल तर इन्सर्ट.

यातला शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

नावनोंदणीचा फॉर्म भरलेला माणूस 'सबमिट' दाबतो. रेंज कमी असते, काही हलत नाही, तो पुन्हा दाबतो. दोन रिक्वेस्ट काही मिलिसेकंदांच्या अंतराने सर्व्हरवर पोचतात आणि वेगवेगळ्या कनेक्शनवर चालू लागतात. पहिली विचारते, हा मोबाइल नंबर टेबलात आहे का? नाही. दुसरीही तेच विचारते, आणि तिलाही 'नाही' असेच उत्तर मिळते, कारण पहिलीचे इन्सर्ट अजून व्हायचे आहे. मग दोघीही नोंद घालतात. कोडची प्रत्येक ओळ बरोबर, टेस्ट सगळ्या पास, आणि टेबलात एकाच माणसाच्या दोन नोंदी. तपासणे आणि लिहिणे यांच्यामध्ये जी फट राहते, ती अॅप्लिकेशनमधल्या कितीही इफ-एल्सने बुजत नाही. टेस्टमध्ये ती दिसतही नाही, कारण बहुतेक टेस्ट एकामागून एक चालतात.

'मग ट्रान्झॅक्शनमध्ये घालू' हे उत्तर तयारच असते. पण पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांची डिफॉल्ट आयसोलेशन पातळी 'रीड कमिटेड' आहे, आणि तिथे वरचा प्रकार ट्रान्झॅक्शनच्या आतही जसाच्या तसा घडतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर यांत 'सीरियलायझेबल' पातळी तो थांबवते. मात्र तिथेही निवाडा डेटाबेसच करतो आणि नाकारलेले ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवण्याची तयारी कोडला ठेवावी लागते.

अपडेटचे दुखणे याहून गंभीर आहे. खात्यात १,००० रुपये आहेत. एक रिक्वेस्ट ३०० काढते, दुसरी त्याच वेळी ५००. दोघीही ओआरएममधून खाते वाचतात, दोघींच्या हाती १,०००. पहिली वजाबाकी करून ७०० लिहिते, दुसरी ५००. उरायला हवे होते २००, उरतात ५००. कुठे एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. या 'लॉस्ट अपडेट'चा पत्ता लागतो तो हिशेब जुळेनासा झाल्यावर.

आता मंडन. पहिली गोष्ट, जे दोनदा येता कामा नये त्यावर युनिक कन्स्ट्रेंट लावावा. मग दुसरे इन्सर्ट पहिल्याचा निकाल लागेपर्यंत थांबते आणि पहिले कमिट झाले की दुसरे नाकारले जाते. 'असेल तर बदल, नसेल तर घाल' हे एकाच स्टेटमेंटमध्ये सांगावे: पोस्टग्रेसमध्ये २०१६च्या ९.५ आवृत्तीपासून 'ऑन कॉन्फ्लिक्ट' आहे, एसक्यूलाइटमध्ये २०१८पासून, मायएसक्यूएलमध्ये 'ऑन डुप्लिकेट की अपडेट'. पोस्टग्रेसमध्ये 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' वापरताना ज्या कॉलमचे नाव द्याल त्यावर युनिक इंडेक्स नसेल, तर ते स्टेटमेंट चालतच नाही. म्हणजे हत्यारच आधी टेबलातला नियम मागते. मायएसक्यूएलच्या 'रिप्लेस'पासून मात्र लांब राहावे. तो जुनी नोंद पुसून नवी घालतो. न दिलेले कॉलम डिफॉल्टवर जातात आणि 'ऑन डिलीट कॅस्केड' असेल तर त्या नोंदीला जोडलेल्या नोंदीही उडतात.

दुसरी गोष्ट, कोडने काढलेले उत्तर पाठवू नये, करायचा बदल पाठवावा. 'शिल्लक = शिल्लक - ५००' असे अपडेट लिहावे, 'व्हेअर'मध्ये खाते क्रमांकाबरोबर 'शिल्लक >= ५००' ही अट घालावी आणि किती नोंदी बदलल्या ते पाहावे. शून्य आले तर पैसे देऊ नयेत. दोन अपडेट एकदम आली तरी रो लॉकमुळे दुसरे थांबते आणि अट ताज्या शिलकेवर तपासते.

राहिले बाकीचे आक्षेप. कन्स्ट्रेंट मायग्रेशनमध्ये लिहिला की तोही गिटमध्येच असतो. युनिक, नॉट नल, चेक, फॉरिन की हे एसक्यूएलच्या मानकातलेच आहेत, एका कंपनीच्या मालकीचे नव्हेत. अंमलबजावणीत फरक आहेत हे खरे. मायएसक्यूएल २०१९च्या ८.०.१६ आवृत्तीपर्यंत 'चेक' वाचून सोडून देत असे. पण तो आवृत्ती पाहून घेण्याचा विषय आहे, नियम सोडून देण्याचा नव्हे. वेगाचे म्हणाल, तर कोडमधल्या त्या तपासणीलाही मोबाइल नंबरवर इंडेक्स लागतोच, वर डेटाबेसकडे एक फेरी जास्त होते ती वेगळीच.

पूर्वपक्षातले खरे तेवढे घ्यायलाच हवे. सवलत कोणाला द्यायची, मंजुरीची पायरी कोणती, हे बदलते धोरण कोडमध्येच शोभते. 'हा नंबर आधीच नोंदलेला आहे' असा सौम्य संदेश दाखवण्यासाठी कोडने आधी तपासावेही. अनेक मशीनवर वाटलेल्या डेटावर युनिक नियम पाळणे अवघड जाते, हेही मान्य. पण ज्या गोष्टी कधीच खोट्या ठरता कामा नयेत, त्यांचा पहारा कोडवर सोडता येत नाही, कारण टेबलात लिहिणारा तुमचा कोड एकटा नसतो. रात्रीचा बॅच जॉब लिहितो, दुसरी टीम लिहिते, डिप्लॉयच्या वेळी जुनी आवृत्ती लिहीत असते, घाईत कोणी हातानेही अपडेट चालवतो. एडगर कॉड यांनी १९७०मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले ते अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या साठ्यांसाठीच. त्या सगळ्यांच्या वाटेत समान असते ते एकच, टेबल.

म्हणून नवे टेबल करताना कोडच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: काय दोनदा येता कामा नये, काय रिकामे राहता कामा नये, काय कोणत्या मर्यादेखाली जाता कामा नये. ती उत्तरे मायग्रेशनमध्ये दिसत नसतील, तर रिव्ह्यू करणाऱ्याने तो बदल मर्ज होऊ देऊ नये. त्या नोंदींमागे कोणाचे पैसे असतात, कोणाचा अर्ज असतो. नोंद चुकली तर हेलपाटे त्या माणसाला पडतात, आपल्याला नाही.