पॉवर टिलर घ्यावा की छोटा ट्रॅक्टर?

बैलजोडी सांभाळणे परवडेनासे झाल्यापासून लहान खातेदारापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहत आहे. हाती थोडे भांडवल आहे, उरलेले कर्ज मिळण्याजोगे आहे. मग पॉवर टिलर घ्यावा की पंधरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर? गावपातळीवरील कार्यकर्त्यास हा सल्ला विचारला जातो आणि तो बहुधा किंमत व अश्वशक्ती सांगून मोकळा होतो. आमच्या मते या दोन्ही गोष्टी मागाहून पाहावयाच्या आहेत. आधी शेत पाहावे.

कोकणातील भातखाचरांचे उदाहरण घेऊ. डोंगरउतारावर पायऱ्यांप्रमाणे उतरत गेलेली ही खाचरे पुष्कळदा चार-पाच गुंठ्यांचीच असतात. चार गुंठ्यांचे खाचर म्हणजे, समजा, ४४ फूट रुंद व ९९ फूट लांब. ट्रॅक्टरला वळण्यासाठी दोन्ही टोकांना आठ-आठ फूट जागा सोडली, तर शेताचा सहावा हिस्सा वळणातच जातो. तो पुन्हा आडवा फिरून घ्यावा लागतो आणि कोपरे अखेर कुदळीनेच खणावे लागतात. शिवाय एका खाचरातून दुसऱ्यात जाताना बांध ढासळतो. ढासळलेल्या बांधातून पाणी व खत दोन्ही निघून जातात, हे भात पिकविणाऱ्यास सांगावयास नको. पॉवर टिलर थोडक्या जागेत वळतो, वजनाने ट्रॅक्टरच्या मानाने बराच हलका असतो आणि लोखंडी चाके लावली की चिखलणी चांगली करतो. जपानच्या भातशेतीत रुळलेले हे यंत्र १९६० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने आपल्या देशात तयार होऊ लागले. त्याची घडणच मुळी लहान खाचरासाठी आहे.

तथापि टिलरच्या मागे माणसाला चालावे लागते, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. पात्यांची रुंदी दोन फूट धरली, तर एक एकर एकदा फिरविण्यास साडेसहा किलोमीटरांहून अधिक चाल पडते. सहा इंची तास काढणाऱ्या बैलांच्या नांगरामागे हीच चाल साडेसव्वीस किलोमीटर होत असे, हे खरे. पण ज्याच्या मुठी दिवसभर थरथरतात, त्या टिलरमागे चिखलातून साडेसहा किलोमीटर चालणे हेही पन्नाशी उलटलेल्या माणसाचे काम नव्हे. घरातील तरुण मुलगा नोकरीसाठी मुंबईस असेल, तर टिलर चालविणार कोण, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हावा.

नाशिककडील द्राक्षबागेत हिशेब अगदी निराळा पडतो. तेथे नऊ-दहा फुटांच्या ओळींतून तीन-चार फूट रुंदीचा छोटा ट्रॅक्टर सहज जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचे सत्रच सुरू होते आणि फवारणीचे यंत्र ट्रॅक्टरच्याच शक्तीवर चालते. जेथे असे काम महिनोन् महिने आहे, तेथे छोटा ट्रॅक्टर आपला खर्च भरून काढू शकतो. काळ्या भारी जमिनीत खोल नांगरट हवी असेल, तर मात्र या दोहोंपैकी एकाचाही भरवसा धरू नये. उन्हाळ्यात मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा.

आता उताराविषयी. टिलर घेणाऱ्या प्रत्येकास हे समजलेच पाहिजे. सपाटीवर डाव्या मुठीचा वळणाचा क्लच दाबला की डाव्या चाकाची शक्ती तुटते व यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर यंत्र स्वतःच्या भाराने खाली ओढले जाते आणि इंजिन त्यास आवरून धरीत असते. अशा वेळी डावा क्लच दाबला, तर डावे चाक मोकळे सुटून पुढे धावते व यंत्र उजवीकडे वळते. नवखा माणूस गोंधळून क्लच आणखीच घट्ट दाबतो आणि यंत्रासह बांधाखाली जातो. म्हणून उतारावर खालच्या गियरमध्येच उतरावे, गियर मोकळा करू नये व शक्यतो मुठींना जोर देऊनच यंत्र वळवावे. टिलर मागे घेताना पाती बंद असलीच पाहिजेत. ती फिरती राहिल्यास पायांवर येतात. ट्रॅक्टरचा धोका वेगळा, तो बांधाच्या कडेला कलंडतो.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होती. तीन एकर भाताची दुहेरी चिखलणी, एका एकरास एका वेळी पाच तास धरले तरी, तीस तासांत उरकते. चार-पाच दिवसांचे काम झाले की यंत्र पडवीत उभे राहते. कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाही. एवढ्या जमिनीस स्वतःचे यंत्र न घेणे हाच आमचा सल्ला आहे. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक टिलर घ्यावा, किंवा गावाजवळ अवजारे बँक असल्यास तिचा लाभ घ्यावा. दारात ट्रॅक्टर उभा असला की सोयरिकीत वजन पडते, हे आम्ही जाणतो. पण त्या वजनाचे व्याज बँक वर्षभर घेत असते.

अनुदान मिळते म्हणून यंत्र घेणे ही उलटी रीत होय. यंत्राची निवड झाल्यावर महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा व पूर्वसंमती हाती आल्यानंतरच खरेदी करावी. आधी घेतलेल्या यंत्रास अनुदान मिळत नाही.

कार्यकर्त्यांस एक विनंती. यंत्राचे प्रात्यक्षिक शाळेच्या पटांगणावर ठेवू नये. जो शेतकरी यंत्र घेणार आहे, त्याच्याच सर्वांत अरुंद खाचरात, पाणी भरलेले असताना, आणि त्याच्याच हाती मुठी देऊन ते करवावे.