मोनेच्या घरी सगळंच डुप्लिकेट?

ऑनसाइटवर असताना एका शनिवारी पॅरिसहून ट्रेनने व्हर्नों आणि पुढे बसने जिव्हर्नी गाठलं. चित्रकार क्लोद मोने या खेड्यात १८८३ पासून १९२६ मध्ये मरेपर्यंत राहिला. त्याच्या स्टुडिओत भिंतभर चित्रं, पण सगळ्या नकला! सोबतचा मित्र वैतागला, "डुप्लिकेटच बघायचं होतं तर गूगल काय वाईट होतं?"

मला नाही पटलं. अस्सल चित्रं पॅरिसच्या म्युझियममध्ये बघता येतातच. इथे बघायची ती त्यामागची खटपट. १८९३ मध्ये मोनेने रुळांपलीकडे जमीन घेऊन तळं करायचं काढलं, तर गावकरी बिथरले, ही परदेशी झाडं आमचं पाणी नासवतील! पठ्ठ्याने परवानगी मिळवून तळं केलंच. आधी वॉटर लिली लावल्या, मग वर्षानुवर्षं त्याच रंगवल्या.

आता खरं सांगायचं तर बागही तेव्हाची नाही. मधल्या काळात तिची पार रया गेली होती. दुरुस्ती करून १९८० मध्ये ती लोकांसाठी उघडली. म्हणजे तीही कॉपीच म्हणा ना! पण त्या हिरव्या पुलावरून पाण्यात हलणारं आभाळ दिसलं, आणि हा माणूस इतकी वर्षं काय बघत होता ते थोडंसं कळलं. हे काही गूगलवर मिळत नाही.

असो. तुम्ही गेलात तर कॅमेरा बॅगेत टाका आणि अर्धा तास तळ्याकाठी नुसते बसा.