केतुमती, बेगमपुरा आणि जामनेरची विहीर

गणपती आणि ईद जवळ आली की गावोगावी शांतता समितीची बैठक भरते. चहा होतो, भाषणे होतात, फोटो निघतो. मध्ये अधिकारी, एका बाजूला टिळा, दुसऱ्या बाजूला टोपी आणि अगदी कडेला निळा रुमाल घातलेला एखादा आपला कार्यकर्ता. याला सर्वधर्मीय ऐक्य म्हणतात. आमचा या बैठकांना विरोध नाही, दंगल टळत असेल तर शंभर बैठका घ्याव्यात. पण हे ऐक्य नव्हे. या बैठकीत कोणीच कोणाला काही मागत नाही आणि कोणीच कोणाला काही देत नाही. ‘तुम्ही तुमच्या ठिकाणी राहा, आम्ही आमच्या ठिकाणी राहतो’ एवढाच तो करार असतो. जातिव्यवस्थेचा करारही नेमका हाच होता.

आमच्या जामनेर तालुक्याचेच बघा. जून 2018 मध्ये वाकडी गावात मातंग समाजाची अल्पवयीन मुले विहिरीत पोहली म्हणून त्यांना नग्न करून पट्ट्याने मारले गेले. मारणाऱ्यांनी त्याची चित्रफीत काढली आणि ती देशभर फिरली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा 91 वर्षे झाली होती. ज्यांच्यावर गुन्हा दाखल झाला ते उच्चवर्णीय नव्हते, भटक्या जमातीतले होते. हे लपवून आपला काही फायदा नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती ही. त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये जामनेर शहरातल्या एका कॅफेतून विशीतल्या एका मुस्लिम तरुणाला उचलून नेले आणि बेदम मारले, त्यात तो मेला. घरच्यांनाही मारहाण झाली. तो पोलीस भरतीच्या अर्जासाठी शहरात आला होता, असे घरच्यांनी सांगितले. दुसऱ्या धर्माच्या मुलीसोबत बसलेला दिसला, हे कारण बातम्यांतून पुढे आले.

एका घटनेत विहीर, दुसऱ्या घटनेत कॅफेतली खुर्ची. कोणी कुठे उतरायचे आणि कोणी कोणाशेजारी बसायचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आता आम्ही जे मांडणार आहोत त्याने काही तरुण मित्रांच्या कपाळाला आठ्या पडतील. ऐक्याचा खरा अर्थ शोधायचा तर धर्मांनी पाहिलेल्या भावी नगराच्या स्वप्नाकडे जावे लागते. ‘येणारा बुद्ध, येणारे नगर ही भाकडकथा आहे, आपण विज्ञानवादी आहोत’ असे लगेच उत्तर येते. त्यात निम्मे खरे आहे. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये ठासून सांगितले. मैत्रेय येईल आणि आपले भले करील म्हणून वाट पाहत बसणारा माणूस बाबासाहेबांचा अनुयायी नव्हे. पण मूळ सुत्त काय सांगते ते तरी वाचून पाहा.

दीघनिकायात चक्कवत्ति-सीहनाद सुत्त आहे. त्यातला एक राजा राज्याचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या आणि मग खोटे बोलणे, असे एकातून एक पाप जन्मते. माणसाचे आयुष्य घटत घटत दहा वर्षांवर येते. मग सात दिवस असे येतात की माणसांना एकमेकांत माणूस दिसत नाही, जनावर दिसते. हाती शस्त्रे येतात आणि कत्तल होते. तेव्हा काही जण रानात, झाडीत, डोंगरकपारीत लपतात. सात दिवसांनी ते बाहेर येतात, एकमेकांना मिठी मारतात आणि ‘तू जिवंत आहेस’ या आनंदात ठरवतात की आता आपण हत्या करायची नाही. तिथून आयुष्य पुन्हा वाढू लागते. गावे समृद्ध होतात, इतकी जवळजवळ की कोंबडा एका गावातून उडून दुसऱ्या गावात जावा. वाराणसीची केतुमती नगरी होते आणि त्या काळात मेत्तेय्य, म्हणजे मैत्रेय, जन्माला येतो.

क्रम नीट बघा. आधी मैत्रेय आणि मग सुख, असे सुत्तात नाही. जिवंत राहिलेल्या साध्या माणसांनी शस्त्र टाकले, तिथे त्या नगरीचा पाया पडला. मैत्रेय फार उशिरा येतो, सगळे बांधून झाल्यावर. आणि बिघाडाची सुरुवात कुठे झाली? गरिबाला धन नाकारले तिथे. म्हणूनच ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बाबासाहेबांनी हेच सुत्त घेतले. त्यांना त्यात भविष्यकथन दिसले नाही, दारिद्र्य आणि हिंसा यांचा कार्यकारणभाव दिसला.

जामनेरहून पहूरमार्गे अजिंठा काही दूर नाही. सतरा क्रमांकाच्या लेण्याच्या दारावर सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय रंगवलेला आहे. पाचव्या शतकातले काम. आपल्या तरुणांच्या तिथे सहली जातात, सेल्फी निघतात. त्या आठव्या आकृतीचा अर्थ त्यांना कोणी सांगत नाही. गाइड तर मुळीच नाही, त्याला पद्मपाणी दाखवून पुढचा ग्रुप धरायचा असतो.

त्याच बनारसमध्ये, म्हणजे सुत्ताच्या भावी केतुमतीत, पुढे चामड्याचे काम करणारे संत रविदास झाले. त्यांनीही एक नगर पाहिले : बेगमपुरा, जिथे गम नाही. त्यांचे ते पद शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहे. बेगमपुऱ्यात कर नाही, भीती नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा माणूस नाही. ज्याला जिथे फिरायचे तिथे तो फिरतो, महालाच्या दारातही त्याला कोणी अडवत नाही. आणि त्या नगराचा जो रहिवासी तो रविदासांचा मित्र. बाबासाहेबांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हे विसरू नका. गेल ऑम्वेट यांनी जातिविरोधी विचारवंतांवरच्या आपल्या पुस्तकाला बेगमपुऱ्याचेच नाव दिले, तेही उगाच नाही.

इतर धर्मांतही हे नगर भेटते. ख्रिस्ती बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या नव्या यरुशलेमला बारा वेशी आहेत आणि त्या कधी बंद होत नाहीत. विशेष म्हणजे त्या नगरात मंदिरच नाही. (अर्थात आत कोणाला घ्यायचे नाही, याची यादी त्याही ग्रंथात आहेच.) मदिनेत पैगंबरांनी केलेल्या करारात मुसलमान आणि यहुदी एका नगराचे भागीदार म्हणून लिहिले गेले, पुढे ते टिकले नाही, पण लिहिले गेले. आणि आपल्या खान्देशातली, देशावरची शेतकरी बाई दिवाळीत ओवाळताना इडापिडा टळून बळीचे राज्य येण्याची इच्छा करते. तो बळी जोतीरावांनी आपल्याला परत मिळवून दिला.

या स्वप्नांतला देव वेगळा, भाषा वेगळी. नगराचे वर्णन मात्र एकमेकांना ओळख देते. बंद वेस नाही, भीती नाही, उपाशी माणूस नाही. ऐक्य साधायचे तर ते इथे साधेल, शांतता समितीच्या चहावर नाही.

पण सावध राहायला हवे. पवित्र नगराच्या नावाने सर्वांत जास्त रक्तही सांडले आहे. यरुशलेम घ्या, अयोध्या घ्या. स्वप्नातल्या नगराला नकाशावर सातबारा मिळाला की शेजाऱ्याला हाकलणे सुरू होते. कोणी विचारील, मग बोधगयेचे काय? तिथेही आपण नगरच मागतो ना? नाही. 1949 च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू बसवले, वर जिल्हाधिकारी अध्यक्ष. आपली मागणी आपल्या विहाराचे व्यवस्थापन आपल्या हाती द्या, एवढीच आहे. बोधगयेतून कोणाला बाहेर काढा, असे आपण म्हणत नाही. ऐक्याच्या नावाखाली ही मागणी मागे घ्या म्हणणाऱ्यांना साफ नकार दिला पाहिजे. आणि आंदोलनात ‘त्यांना’ हाकलण्याची भाषा करणाऱ्या आपल्याच पोरांनाही तितकाच.

जोतीरावांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त, जे 1891 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले, एक कुटुंब आहे. बाई बौद्ध होते, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात. आज असे घर कुणी मांडले तर त्याला पोलीस संरक्षण मागावे लागेल. जोतीरावांनी हे घर कल्पनेत का होईना, एका छपराखाली बसवले होते. आपल्याकडे दोन तरुणांना एका टेबलावर बसू दिले जात नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. माघ पौर्णिमेला रविदास जयंती येते. तेव्हा विहारात फोटोला हार घालून थांबू नका. चर्मकार वस्तीत जा, मातंग वस्तीत जा, मोहल्ल्यातल्या लोकांना सोबत घ्या आणि बेगमपुरा वाचा. वर्षावासात चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताचे वाचन ठेवा, भंतेंना विनंती करा की गरिबाला धन नाकारणाऱ्या राजापासून सुरुवात करावी. आणि पुढच्या शांतता समितीच्या बैठकीत आपला माणूस कडेला फोटोसाठी उभा राहणार असेल, तर त्याच्या हातात एक कागद द्या. तालुक्यातल्या कोणत्या गावात कोणत्या विहिरीवर, कोणत्या हॉटेलात, कोणत्या स्मशानात कोणाला मज्जाव आहे, याची गाववार यादी. ती त्याने तिथे सगळ्यांसमोर वाचावी, टिळ्यासमोर आणि टोपीसमोरही. मग कोण चहा सोडून उठतो ते बघू.